एकोणीस एक्केचाळीसचं स्टेशन

आमच्या स्टेशनकाकांनी उभ्या आयुष्यात कुणाला "संध्याकाळी या" असं सांगितलं नसेल. ते सांगायचे, "एकोणीस बावीसला या. एकोणीस अठ्ठावीसला संपेल." सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकायचे तोही तसाच. त्यामुळे समोरच्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबं एकदा नऊ बावीसला अगाशीवर गेली आणि थंडीत अर्धा तास उभी राहून खाली आली. काकांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "दोन तास लेट पोचायचं आणि वर स्टेशनला नावं ठेवायची!"

अगाशी म्हणजे गच्ची. बडोद्यात राहून आमच्या मराठीत असले शब्द इतके मुरलेत की माहेरच्यांशी फोनवर बोलताना दर वाक्याला अडखळायला होतं. तरसालीतली आमची सोसायटी म्हणजे तीन मजली दोन बिल्डिंगा, मध्ये पार्किंग. मी दुसऱ्या मजल्यावर, काका-काकू माझ्या डोक्यावर तिसऱ्या. आता ते दोघं मुलीकडे नाशिकला असतात, पण मी सांगते ते ते इथे होते तेव्हाचं.

स्टेशनकाका हे नाव त्यांना दोनदा पडलं. पहिल्यांदा पडलं ते बडोदा स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत सगळी नोकरी काढली म्हणून. गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर, किती लेट, सुरतला थांबते का, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. काकू म्हणत, की लग्नानंतर पहिल्या वर्षी ते खरोखरच झोपेत सांगायचे. पुढे स्टेशनवर मशीन आलं. एका बाईचा आवाज भरून ठेवला आणि तीच सगळं सांगायला लागली. लोकांच्या हातात मोबाइल आले, तेव्हापासून खिडकीशी कुणी येईना. "त्या बाईला मी कधी बघितलं नाही, वहिनी," ते मला म्हणायचे, "पण माझ्या खुर्चीत ती बसली आहे."

तर अशा माणसाला रिटायर झाल्यावर कुणीतरी पेपरमधली बातमी दाखवली, की आकाशात माणसांनी बांधलेलं एक स्टेशन फिरतंय, त्यात माणसं राहतात, आणि ते कधीकधी आपल्या डोक्यावरून जाताना साध्या डोळ्यांनी दिसतं. झालं! नाव दुसऱ्यांदा पडलं.

मला अजून आठवतं, त्या दिवशी दुपारीच खाली आले. पायात बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट. दारातूनच म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर स्टेशन जागेवर आणि गाड्या हलत्या. आता गाडीबिडी काही नाही, स्टेशनच येतं! आणि वेळेला इतकं पक्कं, की मिनिट इकडचं तिकडे होत नाही."

म्हटलं, "भावजी, आत या, चहा टाकते."

"चहाला वेळ नाही. मला अजून दहा घरं सांगायची आहेत."

असं सांगत सुटायचे ते. भाजीवाल्याला सांगत, दूधवाल्याला सांगत, गॅसच्या सिलिंडरवाल्याला सांगत. एकदा तरसालीच्या नाक्यावर त्यांनी एक रिक्षा थांबवली. "भाई, आज अठरा पन्नासला स्टेशन—" एवढंच बोलले असतील.

"बसो, काका. स्टेशन जवुं छे ने?"

"जायचं नाही. स्टेशन इकडे येणार आहे."

रिक्षावाल्याने त्यांच्याकडे नीट बघितलं, आवाज मऊ केला आणि विचारलं, "काका, घर क्यां छे? मूकी जाउं?" आणि खरंच घरापर्यंत आणून सोडलं. पैसेसुद्धा घेतले नाहीत. काकूंना हळूच सांगून गेला, की यांना एकटं सोडू नका.

काकूंचं म्हणणं साधं होतं. "मी लग्न यांच्याशी केलं. स्टेशन मला माहेरी जायला लागतं तेवढंच." पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून त्यांनी एका वर्षी काकांनी हाताने लिहिलेल्या वेळापत्रकाच्या चिठ्ठ्या वाटल्या. प्लॅस्टिकच्या डबीत एक चिठ्ठी. डब्या सगळ्यांनी वापरल्या. चिठ्ठ्यांचं काय झालं ते विचारू नका.

अगाशीच्या दाराची किल्ली काकांकडे असायची. ते वरच्या मजल्यावर राहतात, पाण्याची टाकी भरून वाहायला लागली तर पटकन बंद करता यावी, म्हणून कुणीतरी कधीतरी ती त्यांच्याकडे ठेवलेली. आमच्या सेक्रेटरीभाईंना ते खटकायचं. माणूस वाईट नाही. सोसायटीच्या पंपापासून पालापाचोळ्यापर्यंत सगळं एकट्याने बघतो, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात असली की त्याला रात्री झोप येत नाही. "काकी, कोणी पडलं-बिडलं तर नाव माझंच येणार ना?" असं मला जिन्यात भेटला की म्हणायचा. आणि काका म्हणायचे, "वहिनी, ही किल्ली गेली की मी संपलो. मग मला कोण काय विचारणार? टाकी भरली का, एवढंच."

हे ते हसत म्हणायचे. पण खिशावर हात ठेवून म्हणायचे.

आता त्यांची दाखवायची पद्धत सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. आपण काय करतो? आकाशात काही दाखवायचं तर बोट करतो, "ते बघ" म्हणतो. काका आकाशाकडे पाठ करून उभे राहायचे. सगळी नोकरी खिडकीत गेली, गाडी नेहमी पाठीमागून येणार आणि समोर माणसं असणार, ही सवयच लागलेली. डावा हात वर, डोळे घड्याळावर आणि तोंड आमच्याकडे. "वायव्येकडून आगमन. सध्या समोरच्या टाकीच्या वर. आता नारळाच्या शेंड्याला. माणसं आत काम करताहेत. आकार फुटबॉलच्या मैदानाएवढा."

मी एकदा विचारलंसुद्धा, "भावजी, तुम्ही स्वतः बघत नाही का?"

"मी बघून काय करू? ते येतं हे मला माहीत आहे. मला बघायचं असतं ते तुम्हाला दिसतं की नाही."

पहिल्यांदा मी गेले ती चुकून गेले. मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या काढायला अगाशीवर गेले, तर हे बूट घालून तयार. "बरोबर वेळेवर आलात, वहिनी!" आणि सुरू झाले. मी मिरच्यांचं सूप हातात धरून आकाशात फुटबॉलचं मैदान शोधतेय. नारळाच्या शेंड्याला बघितलं, टाकीच्या वर बघितलं. काही नाही. सहा मिनिटं झाली. त्यांनी घड्याळ खाली केलं आणि इतक्या आशेने विचारलं, "दिसलं?"

आता सांगा, काय म्हणणार? माणूस शर्टाला इस्त्री करून उभा आहे. म्हटलं, "हो, हो. दिसलं की."

"कसं वाटलं?"

हे मी धरलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "छान. स्वच्छ आहे."

लगेच त्यांनी पिशवीतून एक वही काढली. लांब, जाड पुठ्ठ्याची, रेल्वेत तक्रारी लिहायला असते तशी. त्यात नाव, तारीख, वेळ आणि शेवटच्या रकान्यात "दिसले", त्यापुढे सही. पहिली सही माझी. पुढे तीन वर्षं ते ज्याला त्याला सांगत, "दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा. त्या म्हणाल्या, स्वच्छ आहे." आणि लोक मला विचारत, आणि मी मान हलवत असे. भीड म्हणतात ती हीच. एकदा सही केली की पुढची सही आपोआप होते. माझ्या त्या वहीत अकरा सह्या आहेत. अकराही वेळा मला काही दिसलं नव्हतं.

उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीला पतंग उडवतात त्या दिवसाची, गोष्ट मात्र कुणी विसरणार नाही. बडोद्यात त्या दिवशी घरात कुणी नसतं. सगळं गाव अगाशीवर. उंधियु वर, जलेबी वर, म्हातारी माणसं खुर्च्यांसकट वर. काकांचं म्हणणं, वर्षातून हा एकच दिवस असा, की सगळं शहर न बोलावता वर येतं आणि वरच बघतं. आणि त्या वर्षी योग असा की एकोणीस आठला स्टेशन डोक्यावरून जाणार होतं. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही.

सेक्रेटरीभाईंनी भाड्याने मोठा स्पीकर आणला होता. खाण्याच्या टेबलांवर कापडी मांडव घातला होता. एकोणीस पाचला काकांनी जाऊन गाणं बंद केलं आणि माइक हातात घेतला. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत सांगितलं. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला हो! घरात चिरका वाटणारा माणूस माइकवर असा भरून बोलला की शेजारच्या चार अगाशा गप्प झाल्या. "कृपया वायव्येकडे लक्ष द्या."

सगळ्यांनी वायव्येकडे लक्ष दिलं. तिकडे खरंच एक पिवळा दिवा हळूहळू वर चढत होता.

"आवी गयुं!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. लहान मुलांना खांद्यावर घेतलं. काका आमच्याकडे तोंड करून उभे, मागे वळून बघायचा प्रश्नच नाही. आमचे चेहरे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. "आत माणसं काम करताहेत," ते माइकवर म्हणाले.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून कुणीतरी पेच टाकला, आणि तो दिवा एकदम हेलकावे खायला लागला.

"काय्पो छे!" चारी अगाशांवरून आरोळी उठली. "स्टेशन कपायुं! लपेट, लपेट!"

ती तुक्कल होती. पतंगाच्या दोरीला कागदी कंदील बांधून सोडतात ना, ती. कापली गेली ती तरंगत तरंगत नेमकी आमच्या मांडवावर येऊन बसली. कापडाला परातीएवढं भोक पडलं. सेक्रेटरीभाईंनी उंधियुच्या टोपावर आडवं होऊन उंधियु वाचवलं. काका माइक हातात धरून "घाबरू नका, स्टेशन वेळेवर आहे" असं म्हणत राहिले, आणि लोक हसून हसून जमिनीवर बसले. खरं स्टेशन त्या गोंधळात कधी आलं, कधी गेलं, देवालाच माहीत.

तिसऱ्या दिवशी नोटीस लागली. रविवारी सात वाजता पार्किंगमध्ये मीटिंग. विषय एकच: अगाशीची किल्ली.

शनिवारी काका माझ्याकडे आले. बसले नाहीत. वही छातीशी. "वहिनी, हसण्याचं काही नाही. हसू दे त्यांना. पण सेक्रेटरी म्हणतो, स्टेशन-बिशन काही नाहीच, काकांच्या डोक्यात आहे. तुम्ही फक्त उभं राहून सांगा, की अकरा वेळा पाहिलं. तुमचं कुणी खोटं म्हणणार नाही."

मी "बरं" म्हटलं. रात्री भाजी करपली माझी. लोकांनी सहज विचारल्यावर मान हलवणं वेगळं. पण मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून शपथ घेतल्यासारखं बोलायचं? आणि खरं सांगितलं तर त्या माणसाच्या हातातून किल्ली मी काढून घेतल्यासारखं होणार. कुणालाच दिसत नाही म्हटल्यावर पुढे काय उरतं?

रविवारी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरीभाईंनी आधी मांडवाचं जळकं कापड उलगडून दाखवलं. मग सेफ्टी या विषयावर बोलले. मग काकांनी वही टेबलावर ठेवली. "यात सदतीस माणसांच्या सह्या आहेत. पहिली सही वहिनींची. त्यांना विचारा."

मी उठले. मनात वाक्य तयार होतं. काकांकडे बघितलं, तर ते माझ्याकडे अगाशीवर बघायचे तसेच बघत होते, घड्याळाचा हात वर धरून. आणि मला ते वाक्य बोलवेना.

"भावजी, माफ करा," मी म्हटलं. "मला एकदाही दिसलं नाही. तुम्ही इतकं मनापासून दाखवता म्हणून हो म्हटलं. मी शोधायचे ते मैदानाएवढं काहीतरी, आणि दर वेळी त्याच बाजूने एक विमान मध्ये यायचं. ते गेलं की तुम्ही म्हणायचात, संपलं."

मग पहिल्या मजल्यावरच्या रमीलाबेन हळूच म्हणाल्या, "काकी, पेलुं विमान तो में पण जोयुं छे."

"अमे पण!" मागून कुणी.

"माझ्या सहीच्या दिवशी पण विमानच होतं," अजून एक जण म्हणाला.

सेक्रेटरीभाईंना जोर चढला. "बघा! मी पण स्कूटर लावताना किती वेळा बघतो. दिल्लीचं फ्लाइट आहे ते. काका फ्लाइटच्या टायमावर सगळ्यांना वर बोलावतात!"

मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. काका बसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि खिडकीतल्या आवाजात, म्हणजे अजिबात न चिडता, मला विचारलं, "वहिनी, त्या विमानाला लाल दिवा होता? लुकलुकणारा?"

मी आठवून बघितलं. "नाही."

"आवाज?"

"नाही, भावजी. आवाज कधीच नाही आला."

"रमीलाबेन, तमने अवाज आव्यो?"

"ना, काका."

मग ते सेक्रेटरीभाईंकडे वळले. "आणि तुमचं दिल्लीचं फ्लाइट कधी एकोणीस बावीसला, कधी अठरा पन्नासला, कधी दहा दिवस नाहीच. असं कुठल्या कंपनीचं असतं?"

हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडत होता. माझ्याही. म्हणजे अकराही वेळा मी... आणि सदतीसच्या सदतीस...

काका मात्र जिंकल्यासारखे दिसेनात. उलट पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला. "तीन वर्षं," ते म्हणाले, "तीन वर्षं मी तुम्हाला तेच दाखवत होतो, आणि तुम्ही ते बाजूला सारून त्याच्या मागे बघत होतात. आणि मला कुणी सांगितलं नाही! एकाने तरी म्हणायचं, काका, दिसत नाही."

कोण म्हणणार? त्यांच्या त्या वहीत "दिसले नाही" असा रकानाच नव्हता.

त्यांनी घड्याळ बघितलं. "एकोणीस छत्तीस. एकोणीस एक्केचाळीसला आहे. अगाशीची गरज नाही. रस्त्यावरून दिसेल." आणि गेटकडे चालायला लागले.

सगळी मीटिंग मागोमाग रस्त्यावर. समोरच्या पानवाल्याला वाटलं, काहीतरी भांडण झालंय, तोही आला. काका नेहमीसारखे आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, हात वर केला, मग काय वाटलं कोण जाणे, हात खाली घेतला. एकच वाक्य म्हणाले, "फुटबॉलचं मैदान विसरा. नुसता दिवा आहे."

आणि आला दिवा. समोरच्या पिंपळामागून निघाला, पांढरा, एकसारखा. लुकलुक नाही, आवाज नाही, घाई नाही. तेच माझं विमान. मी त्याला अकरा वेळा रागाने बघितलं होतं, मध्ये आलं म्हणून. पूर्ण डोक्यावर आला, आणि थोडा पुढे जाऊन, कुणी वात कमी करावी तसा मंद होत होत, तिथल्या तिथे नाहीसा झाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी "दिसलं" म्हटलं नाही. रमीलाबेननी डोक्यावर पदर घेतला होता. पानवाल्याने विचारलं, "अंदर माणस छे? साचे?" काका म्हणाले, "साचे." आम्ही कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतो म्हणून असेल, पण ते शेवटच्या क्षणी मागे वळले होते, आणि तो दिवा विझला तिकडे जरा जास्तच वेळ बघत उभे होते.

मग पुन्हा खुर्च्यांवर येऊन बसलो, कारण मीटिंग संपली नव्हती. आता मत कशाला, असं मला वाटलं, पण सेक्रेटरीभाई नियमाचा माणूस. आवाज जरा खाली आलेला, तरी म्हणाले, "स्टेशन छे, मानलं. पण सेफ्टी पण छे. किल्ली माझ्याकडे असावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात अर्धवट वर-खाली होत होते. माझा मांडीवरच होता. आणि काय सांगू, सगळ्यांत पहिला पूर्ण सरळ हात वर गेला तो काकांचा! खिशातून किल्ली काढून त्यांनी स्वतः टेबलावर ठेवली.

जिना चढताना मी त्यांना गाठलं. "भावजी, हे काय केलंत? ही गेली की मी संपलो म्हणत होतात ना?"

ते कठड्याला धरून थांबले. तिसरा मजला त्यांना अलीकडे जड जायचा.

"वहिनी, तीन वर्षं किल्ली माझ्याकडे होती. तीन वर्षांत सेक्रेटरी एकदा तरी स्टेशन बघायला वर आला? आता दार उघडायला त्याला यावंच लागेल. आणि वेळ तर त्याला माहीत नाही. विचारायला लागेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दार मुद्दाम उघडं ठेवून शेंगा सोलत बसले होते. साडेसहा होऊन गेल्यावर सेक्रेटरीभाई जिना चढून गेले. अंगात स्वेटर, हातात किल्ल्यांचा जुडगा, मागे त्यांची बायको चटई घेऊन, आणि तिच्यामागे रमीलाबेन. वर बेल वाजली.

"काका, चावी लाव्यो छुं. केटला वाग्ये छे आजे?"

आतून आवाज आला, "अठरा त्रेपन्न. अजून पंधरा मिनिटं आहेत. लाइनीत थांबा."

आणि प्लंबर दोन मिनिटं उशिरा आला तरी अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेणारा तो माणूस, बायकोला जरा भिंतीकडे सरकवून, त्या बंद दारासमोर लाइनीत उभा राहिला.